उजेडाचं औषध आणि लेकराचं इसब



मागे गटाच्या बैठकीत एका ताईंनी आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगा चार वर्षांचा. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब. रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीला रक्ताचे डाग. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, लेसरच्या दहा सिटिंग घ्या, कायमचं जाईल. आम्ही नाही म्हटलं नाही. पण पैसे देण्याआधी हा लेसर आला कुठून, ते समजून घ्यायचं ठरवलं. तीच गोष्ट आज सांगतो.

उजेडाने कातडीचा आजार बरा करणं आपल्याकडे जुनंच आहे. कोडावर बावचीचं बी वाटून लावायचं आणि उन्हात बसायचं, हे आयुर्वेदात आहे. बावचीमुळे कातडीवर उन्हाचा परिणाम वाढतो. म्हणून गुण येतो, आणि जास्त झालं तर त्याच जागी भाजतंही. औषध तेच, फरक मापाचा.

युरोपात डेन्मार्क देशातल्या नील्स फिन्सेन या डॉक्टरांनी दिव्याच्या प्रखर उजेडाने कातडीच्या क्षयावर उपचार केले. 1903 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मग उजेडाची लाटच आली. आपल्या शेजारच्या गुजरातेत, जामनगरला, 1933 च्या सुमारास संस्थानच्या राजाने एक मनोराच उभारला. सूर्य सरकेल तसा तो फिरायचा आणि रुग्णांना आत बसवून ऊन द्यायचे. पुढे तो बंद पडला.

एक गोष्ट मात्र टिकली, आणि ती एका बाईच्या नजरेमुळे. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. ऊन लागलेल्या जागी बाळाची पिवळी कातडी निवळते, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. दोन वर्षांत त्यावरून दिवा तयार झाला. आज काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते यातूनच आलं.

लेसर त्यानंतरचा. 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला. 1967 मध्ये हंगेरीत डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांचे केस भादरून त्यावर कमी ताकदीचा लेसर सोडला. लेसरने कॅन्सर होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कॅन्सर झाला नाही, उलट केस लवकर उगवले. तिथून या सौम्य लेसरने जखमा भरण्याचे प्रयोग सुरू झाले. कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटतं, त्यावर तो आज मान्य आहे. पण मुलांच्या इसबावर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. नेहमीच्या उपचारात तो धरलेला नाही. ‘कायमचं जाईल’ हा शब्द तर कुणीच देऊ शकत नाही.

का, ते ऐका. अशा मुलांच्या कातडीत ओल टिकत नाही. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजवलं की आणखी फाटते. नाशिकच्या कोरड्या थंडीत हे वाढतं. म्हणून पहिलं औषध साधंच: कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, दिवसातून दोनतीनदा. लाली वाढली तर स्टिरॉइडचं मलम. हे मलम 1952 पासून वापरात आहे. डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस लावलं तर गुणकारी, पण मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 मध्ये सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. एवढ्याने भागलं नाही तर मोठ्या मुलांना त्वचारोगतज्ज्ञ यंत्रातून मोजून अतिनील किरण देतात. तो उपचार वेगळा, लेसर वेगळा.

ताईंना आम्ही आधी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीत नेलं. कर्ज मंजूर केलं, पण औषध आणि एसटीच्या भाड्यापुरतं. उरलेली रक्कम गटातच राहिली. महिन्याने त्या बैठकीला आल्या तेव्हा म्हणाल्या, “इसब आहे अजून, पण पोरगं रात्री झोपतं.”

मैत्रिणींनो, नव्या यंत्राला घाबरायचं नाही आणि भुलायचंही नाही. तीन प्रश्न विचारायचे. हे कोणत्या आजारावर सिद्ध झालंय? देणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे का? आधीचा साधा उपचार पूर्ण केला का? उत्तरं मिळाली की मग पैशाची पिशवी सोडायची.