कुठले शिंदे?

मराठी माणसाने आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आडनाव शिंदे असेल तर तो ‘कुठले शिंदे?’ असा येतो. वरकरणी हा गावाचा प्रश्न. पण विचारणाऱ्याला पुष्कळदा गाव नको असते, जात हवी असते. शिंदे या आडनावावरून ती कळत नाही, म्हणूनच हा प्रश्न विचारावा लागतो.

या आडनावाचा विषय निघाला की प्रथम ग्वाल्हेरचे घराणे आठवते. त्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटीलकीत. राणोजी शिंद्यांनी ते बाजीरावांच्या काळात नावारूपाला आणले. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले आणि पुढच्याच वर्षी पानिपतानंतर तरुण जनकोजी मारले गेले. उरले महादजी. पण राणोजींचे ते औरस पुत्र नव्हेत, हा आक्षेप पुढे आला आणि घराण्याची सरदारी मिळवण्यासाठी त्यांना काही वर्षे झगडावे लागले. ज्यांच्यामुळे हे आडनाव दिल्लीपर्यंत दुमदुमले, त्यांनाच ‘तुम्ही कुठले शिंदे?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते! दिल्लीच्या बादशहाकडून मोठे किताब मिळूनही लोकांच्या तोंडी ते ‘पाटीलबावा’च राहिले. 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीला त्यांचे निधन झाले. तिथली ‘शिंदे छत्री’ आज पुण्याच्या वस्तीने वेढलेली आहे.

इंग्रजी कागदोपत्री या घराण्याचे नाव वेगळ्या वळणाने लिहिले गेले आणि उत्तरेत त्याचे ‘सिंधिया’ झाले. काशीला बायजाबाई शिंद्यांच्या नावाशी जोडलेला घाट ‘सिंधिया घाट’ म्हणून ओळखला जातो. पुढे हे नाव समुद्रावरही गेले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले आणि कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी ते जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कंपनीच्या चालकांपैकी कोणी शिंदे नव्हते; नाव मात्र शिंद्यांचे.

राजघराण्याबाहेरचे शिंदे पाहू लागलो की या आडनावाचा खरा विस्तार कळतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. लग्न झाल्यावरही ताराबाई आपल्याला परिचित आहेत त्या वडिलांच्याच आडनावाने. आडनाव पुरुषाकडून पुरुषाकडे जाते, या रीतीला त्यांच्या पुस्तकाइतकेच त्यांचे नावही छेद देते.

जमखंडीला 1873 मध्ये जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे हे मराठा कुटुंबातले. त्यांनी 1906 मध्ये मुंबईत अस्पृश्यवर्गाच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, आणि त्या कामासाठी घरादारासह ते त्या वस्त्यांत जाऊन राहिले. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ याच अनुभवातून आला. ‘कुठले शिंदे?’ या प्रश्नामागची भिंत त्यांनी आतून पाडायला घेतली होती.

भिंतीच्या पलीकडेही शिंदे होतेच. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच आवाजात विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. सोलापुरात दलित कुटुंबात जन्मलेले सुशीलकुमार शिंदे 2003 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढे देशाचे गृहमंत्री. यांपैकी कोणाचीही वंशावळ कण्हेरखेडला जोडण्याची गरज नाही, आणि तशी ती जोडली नाही म्हणून कोणाचे शिंदेपण उणे होत नाही.

काही अभ्यासकांनी हे नाव कर्नाटकातील मध्ययुगीन सिंद राजकुलाशी जोडले आहे. तो धागा खरा मानला, तरी आजच्या सर्व शिंद्यांना तो एका माळेत ओवू शकणार नाही. आडनावे रक्ताने वाहत येतात तशीच गाव, वतन, चाकरी आणि सहवास यांतूनही लागतात. एकाच गावात पाटलाचे आणि वेशीबाहेरच्या माणसाचे आडनाव सारखे असणे आपल्याकडे नवलाचे नाही.

म्हणून ‘कुठले शिंदे?’ हा प्रश्न विचारायचाच, तर तो गावापुरता विचारावा. वानवडीचे, बुलढाण्याचे, जमखंडीचे, सोलापूरचे, एवढे उत्तर पुरेसे आहे. त्यापुढचे उत्तर मागणाऱ्याला माणसाविषयी नवे काही कळत नाही; त्याची स्वतःची ओळख मात्र समोरच्याला पटते.