एका जागेत अनेक बिऱ्हाडे

गिरणगावात गावमंडळांच्या खोल्या असायच्या. कोकणातल्या एकेका गावची पाचपन्नास माणसे एकाच खोलीच्या आधाराने मुंबईत टिकली. दिवसपाळीचा कामगार गिरणीत गेला, की रात्रपाळीवाला त्याच जागेवर वळकटी पसरायचा. ट्रंक मात्र ज्याची त्याची. महागाची जागा रिकामी ठेवायची नाही, हा त्यामागचा हिशेब. मी प्रभादेवीचा असल्याने संगणकाच्या इतिहासातले एक पान मला या हिशेबावरून चटकन उमगते.

१९६०च्या दशकात संगणक खोलीएवढा आणि अतिशय महाग होता. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात १९६७मध्ये ‘सीपी-४०’ ही प्रणाली सुरू झाली. तिने एकाच यंत्राची चौदा आभासी यंत्रे केली. प्रत्येकाला वाटे, संपूर्ण संगणक आपलाच! पुढे घरोघरी स्वस्त संगणक आले आणि ही कल्पना मागे पडली.

ती परतली, कारण कचेऱ्यांतले संगणक बराच वेळ नुसतेच बसून असत. मात्र घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्ये या कामाची सोय नव्हती. ती इंटेलने २००५मध्ये आणि एएमडीने २००६मध्ये केली. लगेच अवी किव्हिटी यांनी लिहिलेले ‘केव्हीएम’ फेब्रुवारी २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाले. वेगळे काही विकत घेण्याची गरज उरली नाही.

आज हे काम फारसे अवघड नाही. बायोसमध्ये प्रोसेसरची ही सोय चालू करायची. जोडीला ‘क्यूईएमयू’ आणि ‘व्हर्ट-मॅनेजर’ बसवायचे. मग पाहुण्या यंत्राला किती मेमरी, किती डिस्क द्यायची ते ठरवून त्यावर हवी ती प्रणाली चढवायची. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाकडची एक फाइल. पाहुणा कोलमडला, तरी यजमान सहसा शाबूत राहतो.

पण चाळीचा नियम इथेही लागू आहे. नळ एकच असेल, तर बिऱ्हाडे वाढवून पाणी वाढत नाही. आठ जीबी मेमरीत चार-चार जीबीचे चार पाहुणे सुखाने नांदणार नाहीत. आणि इमारतच पडली तर सगळेच उघड्यावर येतात, म्हणून फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

एके काळी बड्या प्रयोगशाळांपुरती असलेली ही विद्या आज जुन्या संगणकावरही शिकता येते. गूगलची क्लाउड सेवा याच केव्हीएमवर उभी आहे. तेच अवजार चाळीतल्या विद्यार्थ्यालाही फुकट मिळते. त्याने ते हाताळून पाहावे, एवढेच माझे सांगणे.