बूथमधला ट्रान्झिस्टर

आईचा उजवा पाय पोलिओने अधू होता. एसटीडी-पीसीओ बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, म्हणून 1991 साली मिरजेत एका इस्पितळाजवळच्या गल्लीत तिला बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर, बाहेर आईचं टेबल आणि एक लांब बाक. मिरजेला उत्तर कर्नाटकातून पेशंट येत. त्यांचे नातेवाईक रात्री साडेदहापासूनच बाकावर बसून राहत, कारण अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा.

केबिनच्या काचेला आवाज अडत नसे. गाठ कसली निघाली, ऑपरेशनला किती लागणार, कुणाच्या पाटल्या गहाण टाकायच्या, सगळं बाकापर्यंत ऐकू यायचं. आत कुणाचा कंठ दाटला की आई हात लांब करून ट्रान्झिस्टर मोठा करायची. सांगली आकाशवाणी लावलेलीच असे. रात्री केंद्र बंद झाल्यावर नुसती खरखर यायची, तीही ती मोठी करायची. बाकावरच्यांना कटकट वाटे, पण आतल्या माणसाला मोकळेपणी रडता येई.

दुसरा तिचा नियम पावत्यांचा. फोन संपला की छोट्या प्रिंटरमधून पट्टी बाहेर यायची. तिच्यावर लावलेला नंबर, वेळ आणि रक्कम असे. एक पट्टी गिऱ्हाइकाला, तिची कार्बन प्रत आमच्याकडे. एकदा एक गृहस्थ आले आणि आपल्या बायकोने काल कुठे फोन लावला ते विचारू लागले. गुंडाळी आईच्या हाताशीच होती. "हिशेबाचे कागद आहेत, दाखवायचे नाहीत," एवढंच ती म्हणाली. महिन्याचं बिल जुळलं की त्या गुंडाळ्या बंबात जायच्या. टेलिफोनवरचं बोलणं हा माणसाच्या खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये सांगितलं. आई तोवर पाच वर्षं तसंच वागत होती. बूथवाल्यांपैकी सगळेच असे होते असं मी म्हणणार नाही, पण जे चांगले होते त्यांच्या धंद्याची ही रीत होती.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्या गल्लीत ते 2000 साली आलं, माझ्या हट्टाने. बाक काढला, प्लायवुडचे पाच कप्पे केले, विंडोज 98 ची पाच मशिनं बसवली. तासाला चाळीस रुपये. गिऱ्हाइकांत परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील असत, नोकरीचे अर्ज करणारे असत आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तर अख्खी गल्ली असे.

इथे मात्र ट्रान्झिस्टर उपयोगाचा नव्हता. माणसं मेल उघडी टाकून उठून जायची. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं मशीन विचारायचं आणि लोक भाबडेपणाने हो म्हणायचे. ऑगस्ट 1999 मध्ये खुद्द हॉटमेलमध्येच असं भगदाड निघालं होतं, की ई आणि एच ही दोन अक्षरं पासवर्ड म्हणून टाकून कुणाचंही खातं उघडता येत होतं. इतक्या मोठ्या कंपनीची ही गत, मग आमच्या पाच मशिनांचं काय? 2003 च्या पावसाळ्यात चौथ्या कप्प्यातलं मशीन रखडायला लागलं. शोधता शोधता एक साधी मजकुराची फाइल सापडली. त्या मशीनवर दाबलेलं प्रत्येक बटण तिच्यात उतरलं होतं: आयडी, पासवर्ड, एका मुलीने मैत्रिणीला लिहिलेलं लांबलचक पत्र. कुणीतरी तासाचे पैसे भरून बसला आणि कीलॉगर टाकून गेला होता. मी दोनच ओळी वाचल्या आणि फाइल बंद केली. ओळखीच्या गिऱ्हाइकांना घरी जाऊन पासवर्ड बदलायला सांगितलं आणि पाचही मशिनं पुसून नव्याने भरली. त्या मुलीला मात्र मी हे कधीच सांगू शकले नाही.

सरकारला काळजी वेगळीच होती: मशीनवर बसलेला माणूस कोण? मुंबई उच्च न्यायालयाने 2001 मध्ये नेमलेल्या समितीने सायबर कॅफेत ओळखपत्र बघण्याची शिफारस केली. एप्रिल 2011 च्या केंद्राच्या नियमांनी तर सगळं बांधूनच दिलं. कप्प्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, ओळखपत्राची प्रत घ्या, रजिस्टर किमान एक वर्ष सांभाळा. गुन्हेगार सापडायचा तर हे लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'किमान' लिहिणाऱ्याने 'कमाल' लिहिलं नाही. वर्ष संपल्यावर त्या झेरॉक्सचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

2013 च्या दिवाळीत दुकान झाडताना मी जुने गठ्ठे रद्दीत दिले. महिन्याभराने स्टेशनजवळच्या गाड्यावर भडंग घेतली. पुडी सोडली तर आत एका वाहन परवान्याची झेरॉक्स, आणि कोपऱ्यात माझी सही. फोटोतल्या माणसाला मी ओळखत होते. तेलाने त्याचा पत्ता अधिकच ठसठशीत दिसत होता. आईला पुडी दाखवली. ती काही बोलली नाही. उरलेले गठ्ठे तिने आणि मी मिळून दोन दिवस पाण्यात भिजवले आणि लगदा केला. पुढच्या वर्षी कॅफे बंद केला.

आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतर झेरॉक्स देणं ही सवयच होऊन गेली. 27 मे 2022 ला आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने बजावलं, की आधारची प्रत कुणालाही देऊ नका आणि कॅफेतल्या मशीनवर आधार उतरवून घेऊ नका, घेतलंच तर पुसून टाका. दोनच दिवसांत, गैरसमज होईल म्हणून, ते पत्रक मागे घेतलं गेलं. माझ्या मते त्यातलं मशीनबद्दलचं वाक्य घराघरात पोचायला हवं होतं.

आज प्रिंट काढायला गेलं की दुकानदार म्हणतो, "व्हॉट्सॲपवर पाठवा." त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये मी परवाच पाहिलं: पगाराच्या स्लिपा, रक्ताचे रिपोर्ट, आधार, एका लहान मुलाचा जन्मदाखला, शेकड्यांनी. माणूस चांगला आहे. पूर्वी मी जिथे होते तिथेच तो आज आहे. म्हणून विनंती तुम्हाला आहे. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. प्रिंट हातात पडली की लगेच निघू नका. फाइल फोनमधून, मशीनमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगा, आणि ती जाईपर्यंत काउंटरपाशी थांबा.