हळूहळू, पण काय?

जुलै २००५ मध्ये दासगावात दरड कोसळली. त्या पावसाळ्यात आमच्या शेजारचा सात वर्षांचा मुलगा, सर आली की आईचा पदर सोडत नसे. ‘हळूहळू भीड चेपेल,’ असं सगळेच म्हणत. म्हणून वहिनी रोज थोड्या लांब उभ्या राहू लागल्या. आज दारात, उद्या ओसरीवर. पोर अधिकच बिथरलं.

मी पेशाने शिक्षक. बी. एड.ला स्किनर वाचला होता, परीक्षेपुरता! तो तेव्हा पुन्हा काढला.

१९४३ साली अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीत स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतरं शिकवत होते. कबुतराने लाकडी चेंडू चोचीने टोलवायचा होता. बराच वेळ ते टोलाच मारेना. मग त्यांनी चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणे दिले, नंतर त्याहून जवळची हालचाल केली तरच. काही मिनिटांत कबुतर चेंडू टोलवू लागलं. चेंडू तोच, दाणे तेच. पायरीपायरीने वाढली ती अट. याला शेपिंग म्हणतात.

१९६३ मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी दुसरी वाट दाखवली. कबुतराने लाल दिव्यावर टोचायचं, हिरव्यावर नाही. हिरवा त्यांनी आधी अगदी मंद आणि क्षणभरच दाखवला, मग वाढवत नेला. कबुतरं जवळजवळ न चुकता शिकली. इथे कृती तीच, बदलली ती खूण. हे फेडिंग. आपण ठिपक्यांची अक्षरं गिरवायला देतो आणि ठिपके कमी करत जातो, तेही हेच.

तिसरी तऱ्हा या दोन्हींच्या आधीची. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला आवडीचा खाऊ खायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणला. इथे हळूहळू यायचं होतं ते भीतीचं कारण.

आमची चूक इथेच होती. पाऊस पुरताच अंगावर, आणि कमी करत होतो आईचा आधार!

‘वहिनी, तुम्ही हलू नका,’ मी म्हटलं. पोराला आतल्या खोलीत आईजवळ, तळलेले गरे खात बसवलं. दार बंद. चार दिवसांनी दार किलकिलं, मग उघडं, मग माजघर. ओसरीवर यायला भाद्रपद उजाडला.

एक गोष्ट मात्र मुद्दामच पुसली नाही. मुसळधार पावसात डोंगराकडे पाहायचं, ही भीती खरी होती. २०२१ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात तळियेवर दरड आली. त्या पावसात घरच्यांना सुरक्षित जागी हलवायची घाई सगळ्यांत आधी त्यानेच केली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.