ओपनस्टोअर

उबुंटू टच या मोबाइल प्रणालीचे अ‍ॅप-भांडार व त्याचे संकेतस्थळ. कॅनॉनिकल कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये या प्रणालीचे काम थांबवण्याचे जाहीर केले. त्यानंतर यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या समूहाने ते पुढे चालवले आणि ओपनस्टोअर तिचे अधिकृत भांडार बनले.

अल्पप्रसृत प्रणालीच्या सूचीत अ‍ॅप मोजकी असतात, त्यामुळे संख्येपेक्षा माहितीच्या नेमकेपणाला रचनेत महत्त्व येते. येथे प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर वर्णन, स्क्रीनशॉट, आवृत्ती, परवाना, सोर्स कोडचा दुवा आणि अ‍ॅपला लागणाऱ्या परवानग्या दिलेल्या असतात. स्वतंत्र अ‍ॅप आणि एखादे संकेतस्थळ केवळ चौकटीत उघडणारे वेबअ‍ॅप यांतील भेदही दाखवला जातो. वापरणाऱ्याची फसगत टाळण्यासाठी हा भेद आवश्यक ठरतो.

सुसंगततेची नोंद सर्वांत कळीची असते. उबुंटू टचचा पाया उबुंटू १६.०४ वरून २०.०४ वर गेला, तेव्हा अनेक अ‍ॅप नव्याने बांधावी लागली. म्हणून अ‍ॅप कोणत्या पायावर आणि कोणत्या प्रोसेसर-रचनेवर चालते, हे डाउनलोड करण्यापूर्वीच कळणे गरजेचे असते. ओपनस्टोअरचा स्वतःचा सोर्स कोडही खुला असल्याने संकेतस्थळाच्या सुधारणेत वापरणाऱ्यांनाही थेट हातभार लावता येतो.