काडतूस अडते कोठे?



ज्याची हयात मोर्चे काढण्यात आणि करारांच्या मसुद्यांवर भांडण्यात गेली, अशा माणसाने बंदुकीच्या इतिहासावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कारण सांगतो. तरुणपणी मी एका कारखान्यात फिटर होतो. तेथे एका प्रेसमध्ये पितळेच्या चकत्या घसरत येत आणि दिवसातून दहादा अडकत. ठपका ठरलेला : प्रेसवरचा माणूस निष्काळजी. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला तेव्हा आम्ही चौकशी मागितली. निष्पन्न असे झाले की, चकत्या तपासण्याचे गेजच झिजून सैल झाले होते आणि जाड चकती पास होऊन पुढे येत होती. तेव्हापासून यंत्रात काही अडकले असे ऐकले की मी आधी माप विचारतो. पुढे सार्वजनिक वाचनालयात रायफलींवरची पुस्तके हाती आली, आणि तीच चकती मला तेथे वेगळ्या वेषात भेटली.

जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात १८३१ साली जन्मलेला, कॅनडात वाढलेला, घड्याळजीचा मुलगा. १८७९ साली त्याने अमेरिकेत एका पेटीचे पेटंट घेतले. रायफलीच्या पोटाखाली बसणारी पत्र्याची पेटी, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एकावर एक काडतुसे. दाराच्या अडसरासारखा सरकणारा पोलादी बोल्ट मागे ओढला की वरचे काडतूस त्याच्या वाटेत येते. पुढे ढकलला की काडतूस उतरणीवरून चढून नळीच्या कोठ्यात शिरते. ज्या पोलादी सांगाड्यात हा सारा व्यवहार चालतो त्याला रिसीव्हर म्हणतात. ब्रिटिश सैन्याने ही रचना १८८८ मध्ये ली-मेटफर्ड म्हणून आणि १८९५ मध्ये ली-एनफील्ड म्हणून स्वीकारली. आपल्याकडे पोलीसचौकीत भिंतीला टेकून उभी असलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच.

आता या बंदुकीचे दुखणे ऐका. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पेटी भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे पडली पाहिजे. एखादी मागे पडली, की पुढे सरकताना ती खालच्या कडेत अडकते आणि बोल्ट जागच्या जागी थिजतो. घाईत, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पेटी भरणाऱ्या शिपायाकडून ही चूक होणारच. पण सगळीच अडवणूक भरणाऱ्यामुळे होत नाही. पेटीच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे दोन ओठ असतात. ते फाकले तर काडतुसाचे नाक फार वर उठते. आत दबले तर ते उतरणीवर आपटते. पेटी अडकविण्याचा खटका झिजला की पेटी केसभर खाली बसते, आणि बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून नुसताच निघून जातो. दुरुस्ती करणारा जाणता कारागीर आधी दारू नसलेली खोटी काडतुसे घालून, नाक कोठे घासते त्याची खूण पाहतो. मग पेटीची बैठक, मग स्प्रिंग, मग पकडीने ओठ जरासे वळवणे. रिसीव्हरच्या उतरणीला कानस लावायची ती सर्वांत शेवटी. पत्रा पुन्हा वळवता येतो, स्प्रिंग बदलता येते. कानसेने काढलेले पोलाद परत बसवता येत नाही. उतावळा कारागीर नेमका कानसेपासून सुरुवात करतो. (हा स्वभाव मी वाटाघाटीच्या टेबलावरही पुष्कळ पाहिला आहे.)

काडतूस आणि बंदूक यांची मापे वेगवेगळ्या ठिकाणी ठरली तर काय होते, ते कॅनडाच्या शिपायांनी भोगले. त्यांची रॉस रायफल क्वेबेकमध्ये बनत असे. नेमबाजीच्या मैदानावर तिचे मोठे नाव होते, आणि तिचा कोठा नेमका, घट्ट कोरलेला होता. युद्ध पेटले आणि तिच्यात ब्रिटनमधील अनेक कारखान्यांची, घाईघाईने बनविलेली काडतुसे पडू लागली. ढिल्या कोठ्याची ली-एनफील्ड ती मुकाट्याने गिळी. रॉसमध्ये ती दोन-चार फैरींत तापून रुतत. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जममधील ईप्र येथे विषारी वायूच्या हल्ल्यात शिपाई बुटाच्या टाचेने आणि फावड्याने बोल्ट ठोकीत होते. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे पाच हजारांपैकी १,४५२ जणांनी आपली रॉस टाकून मेलेल्यांची ली-एनफील्ड उचलली होती. मंत्री सॅम ह्यूज याने मात्र दोष काडतुसांवर टाकला आणि रायफलीची बाजू सोडली नाही. कोठे रुंद करण्यात आले. पण बोल्ट मागे थोपविणारा लहानसा तुकडा बोल्टच्या दातांवरच आपटून ते चेपवीत होता, हे दुखणे निराळेच होते. १९१६ साली ही रायफल आघाडीवरून काढण्यात आली आणि त्याच वर्षी ह्यूजचे मंत्रिपदही गेले.

आपल्या शिपायांच्या बाबतीत हा विचार आधी झाला होता. १९१४ च्या शरदात हिंदी पलटणी मार्सेल्स बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन, नव्या टोकदार गोळीच्या काडतुसांना जुळणाऱ्या रायफली त्यांना देण्यात आल्या. ईप्रलाच लढलेल्या लाहोर डिव्हिजनच्या हाती ली-एनफील्ड होत्या.

ती बंदूक आपल्याकडे हुगळीकाठच्या इशापूरला बनू लागली. काडतुसे मात्र पुण्याजवळच्या खडकीलाही बनत. येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि तेथल्या काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ असा छाप असे. दोन गावांमध्ये अर्धा हिंदुस्थान. इकडच्या लेथवरचे माप तिकडच्या रिसीव्हरला रुचले पाहिजे, ही जबाबदारी दोन्हीकडच्या गेज तपासणाऱ्यांची. त्यांची नावे कोठल्याही युद्धवृत्तांतात नाहीत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर हे सारे नव्याने मांडावे लागले. सैन्याचे काडतूस आता ७.६२ मिलिमीटरचे झाले होते आणि आपोआप भरणाऱ्या नव्या रायफली पुरेशा तयार होत नव्हत्या. इशापूरने जुन्याच घडणीची बोल्टची रायफल नव्या काडतुसासाठी केली. तिला ‘टू ए’ म्हणत. केवळ नळी बदलून भागणारे हे काम नव्हते. नव्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही, तेथे फक्त खाच आहे. म्हणून रिकामे कवच ओढून काढणारा आकडा नव्याने घडविला. काडतूस अठ्ठ्याहत्तर मिलिमीटरऐवजी एकाहत्तर मिलिमीटर लांबीचे. म्हणून पेटीची घडण बदलली. दाब अधिक, म्हणून रिसीव्हरला अधिक चांगले पोलाद वापरले. आणि ऐंशी वर्षे शिपायाला छळणारी कडेवर कड अडकण्याची ती जुनी खोड, कडच नसल्यामुळे, कोणी कानस न लावता नाहीशी झाली. पुढे ‘टू ए वन’ आली. तिच्या मागच्या माशीवर दोन हजारांचा आकडा जाऊन आठशे मीटर आले, कारण दोन हजारांवर नेम धरणारा शिपाई कोणी पाहिला नव्हता.