हातातल्या माशाचा हिशेब

रानटी डॉल्फिनला हाताने मासा भरवायला माणसांनी एखाद्या किनारी गावाकडे धाव घ्यावी, ही आजच्या पर्यटनाने लावलेली हौस वाटते. तिची नोंद मात्र एकोणीसशे वर्षांहून जुनी आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो डायरिटस, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या बिझर्ट, येथील एका डॉल्फिनची हकीकत लिहून ठेवली. तो लोकांच्या हातून खात असे, अंगावरून हात फिरवू देत असे, पोहणाऱ्यांना पाठीवर घेत असे. बातमी पसरली तसे बडे अधिकारी येऊ लागले, त्यांच्या सरबराईचा भार गावावर पडू लागला आणि शेवटी गावकऱ्यांनीच त्या डॉल्फिनला मारून टाकले. धाकट्या प्लिनीने हीच गोष्ट पुढे एका पत्रात सविस्तर सांगितली; गावाची शांतता हरवत चालल्याचाही उल्लेख त्यात आहे. माणूस आणि डॉल्फिन यांच्यामध्ये पाहुणा आला की त्याच्या आनंदाची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. या प्रथेचा पुढचा इतिहास मला तरी याच अंगाने वाचावासा वाटतो.

पाहुणा येण्याआधी माशाची ही देवघेव कामाचा भाग होती. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर डॉल्फिन बोय माशांचे थवे कोळ्यांच्या जाळ्याकडे हाकतात आणि नंतर आपला वाटा घेतात, असे प्लिनीनेच लिहिले आहे. त्याच्या लिखाणात ऐकीव मजकूर पुष्कळ असतो, म्हणून कोणी हे सोडून देईल; पण तशीच वर्णने फार दूरच्या किनाऱ्यांवरूनही आली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोरेटन उपसागरात आदिवासी भाल्यांनी पाणी बडवून डॉल्फिनना बोलावत, डॉल्फिन बोयांना उथळात रेटत आणि माणसे त्यांना जाळ्यात धरत, हे १८५६ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात छापले गेले. ब्राझीलमधल्या लागुना गावात तर हे आजही चालते. कोळी कंबरभर पाण्यात पाग घेऊन उभे राहतात, डॉल्फिन डोके किंवा शेपूट आपटतो आणि त्याच क्षणी जाळे फेकले जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की या मेळामुळे कोळ्यांना मासे अधिक मिळतात आणि त्यात भाग घेणारे डॉल्फिनही अधिक जगतात. इथे कोणी कोणाला भरवत नाही. डॉल्फिन शिकार करतो आणि पिल्लू आईच्या सोबतीने तीच शिकते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधील मंकी मियाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. पर्थच्या उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवरचे हे ठिकाण १९६० च्या दशकात मासेमारांचा साधा तळ होते. धक्क्याला लागणाऱ्या होड्यांवरून डॉल्फिनना मासे दिले जाऊ लागले. काही डॉल्फिन धीट झाले आणि थेट किनाऱ्यालगत येऊ लागले. मग त्यांना पाहायला लोक येऊ लागले. १९८० च्या दशकात तिथे येणारा कोणीही हवे तितके मासे भरवू शकत असे. नुकसान बाहेरून दिसत नव्हते, कारण भरवल्या जाणाऱ्या माद्या धडधाकट होत्या. मरत होती ती त्यांची पिल्ले. डॉल्फिनचे पिल्लू आईच्या पोटाखालून पोहत दूध पिते आणि तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ तिच्यावर अवलंबून असते. गुडघाभर पाण्यात आई माशाची वाट पाहत ताटकळली की पिल्लाला तिच्या पोटाखाली जागाच उरत नाही. ते थोडे खोल पाण्यात एकटे भटकते, आणि हा उपसागर वाघशार्कांचा आहे. आईचा शिकारीचा वेळ घटला की पिल्लाचे शिकणेही घटते. भरवलेल्या आणि न भरवलेल्या माद्यांच्या पिल्लांची तुलना झाली तेव्हा फरक ठळक दिसला, आणि १९९५ पासून नियम कडक झाले. आज मोजक्या प्रौढ माद्यांनाच, फक्त सकाळी आणि रोजच्या गरजेचा लहानसा हिस्सा मिळतो. रेंजर बादली घेऊन पाण्यात उभा राहतो, गर्दी काठावर थांबते आणि निवडलेल्या थोड्यांच्या हाती एकेक मासा दिला जातो. नरांना आणि पिल्लांना काहीच मिळत नाही. दुपार शिकारीसाठी मोकळी सोडलेली असते. त्यानंतर या माद्यांची पिल्ले इतरांच्या पिल्लांइतकी जगू लागली, असे संशोधक जेनेट मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले.

डॉल्फिन स्वेच्छेने येतात, मग बिघडले कुठे, असा एक आक्षेप असतो. आई स्वेच्छेने येते हे खरे. पिल्लाला निवड नसते, आणि किंमत तेच मोजत होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसाळलेल्या या डॉल्फिनमुळेच रिचर्ड कॉनर आणि रेचेल स्मोल्कर हे संशोधक १९८२ साली तिथे पोचले. पुढच्या संशोधनातून नरांच्या युती समजल्या आणि तळाशी धुंडाळताना तोंडावर स्पंज धरणाऱ्या माद्या उजेडात आल्या. भरवणेच नसते तर हे ज्ञान कदाचित मिळाले नसते, हे मी मान्य करतो. पण संशोधनाचा मोठा भाग शेकडो न भरवलेल्या डॉल्फिनच्या निरीक्षणावर उभा आहे, आणि भरवण्याचा दोषही त्याच निरीक्षणाने दाखवला. सुरुवात कशीही झालेली असो, पुढे मोजदाद झाली म्हणून दुरुस्ती झाली.

मग अमेरिकेसारखी सरसकट बंदी का नको? तिथे १९९१ पासून रानटी डॉल्फिनला खाऊ घालणे बेकायदा आहे आणि १९९३ साली अपील न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. मोकळ्या किनाऱ्यावर, जिथे रेंजर नाही आणि कोणाची नोंदही नाही, तिथे हाच मार्ग बरोबर आहे. मंकी मियात पहारा आहे, चार दशकांच्या नोंदी आहेत आणि पिल्ले जगत आहेत. तेवढ्यापुरती ही सवलत मला पटते. नव्या ठिकाणी ती देण्याला मात्र कोणताच आधार नाही. दाभोळ, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर होडीतून डॉल्फिन दाखवतात. हाताने भरवण्याची प्रथा आपल्याकडे नाही आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने डॉल्फिनला संरक्षण दिले आहे. होडीवाल्याने उद्या मासा फेकून त्यांना जवळ बोलावू का असे विचारले, तर नको म्हणा.